मार्गे

एस.टी.च्या पाटीवर दोन गावांची नावे ठळक असतात आणि उरलेल्या जागेत ‘मार्गे’ या शब्दापाठोपाठ मधली एकदोन गावे दाटीवाटीने बसवलेली असतात. बीडच्या स्थानकात लातूरच्या गाडीची वाट पाहताना मी ही बारीक अक्षरेच आधी वाचतो, कारण ‘मार्गे केज, अंबाजोगाई’ आणि ‘मार्गे तेलगाव, परळी’ यांत माणसाचा सगळा दिवस इकडचा तिकडे होतो.

वाहतुकीच्या जाळ्याची प्रतिकृती मांडणारे अभ्यासक गावांना बिंदू आणि रस्त्यांना रेषा मानतात. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे शहर फिरता येईल का, हे कोनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे अठराव्या शतकात सोडवताना गणितज्ञ ऑयलरने हेच केले. जमिनीचे तुकडे बिंदू झाले, पूल रेषा झाले आणि बाकीचे शहर हिशेबातून गेले. या नजरेने पाहिले तर मराठवाड्याच्या रेल्वेजाळ्यात बीड शहर हा जिल्ह्याचे ठाणे असूनही एकही रेषा न लागलेला बिंदू होता, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, नेमक्या मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरची गाडी सुरू झाल्यावर त्याला पहिली रेषा लागली. मनमाडहून जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारी रेषा मात्र निजामाच्या काळातली. राजधानी हैदराबाद होती, तेव्हा रुळांनी तिकडेच तोंड केले. १९४८ मध्ये राज्य गेले, रुळांचे तोंड तेच राहिले. त्यातही मनमाडला एक गंमत होती. नकाशावर रेषा अखंड दिसे, पण तिथे ब्रॉडगेज संपून मीटरगेज सुरू होत असल्याने मुंबईहून येणाऱ्याला वळकटी, ट्रंक आणि पोरेबाळे सांभाळत गाडी बदलावी लागे. रुंदीकरण होईपर्यंत तो बिंदू माणसांना असा खाली उतरवत राहिला.

कोणत्या रेषेवर किती गर्दी होईल, याचे एक जुने गणित न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावरून घेतलेले आहे: दोन गावांची लोकसंख्या गुणावी आणि अंतराच्या वर्गाने भागावे. सूत्र देखणे आहे, मात्र अंबाजोगाईला ते पहिल्याच फटक्यात चुकते. गाव काही फार मोठे नाही, पण तिथे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, योगेश्वरीचे देऊळ आहे, आणि त्यामुळे आसपासच्या तालुक्यांतून रुग्ण, त्यांच्यामागे डबे घेऊन जाणारे नातेवाईक आणि नवस फेडणारे असे सगळे एकाच गाडीत दाटून बसतात. लातूरचेही तसेच, शिकवण्यांसाठी तिथे येऊन राहणाऱ्या मुलांना भेटायला निघालेले आईबाप जनगणनेच्या आकड्यांतून कसे ओळखावेत? अभ्यासकांनाही हे ठाऊक असल्याने ते लोकसंख्येऐवजी खाटा, जागा, दुकाने असे आकडे घालतात. बाजाराच्या वाराला काय घालतात, हे मला एकदा विचारायचे आहे.

सगळ्यांत मोठा प्रवाह तर स्थानकात येतच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. ट्रकमध्ये भांडी, सरपण, शेळी, तान्हे मूल, सगळा संसार असतो आणि परतीची वाट पट्टा पडल्यावरच, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावरच, धरायची असते. मांजरसुंब्याच्या फाट्यावर असा ट्रक आमच्या गाडीला ओलांडून गेला, की मी सवयीने त्याच्या काचेकडे पाहतो. तिथे मुकादमाच्या गावाचे नाव खडूने लिहिलेले असले तर असते; मार्गे काही नसते.