आखडलेला खांदा आणि माझी साखर

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर, कापसाची वेचणी चालू असताना, ओटीची गाठ बांधण्यासाठी डावा हात पाठीमागे नेला आणि खांद्यातून अशी कळ आली की मी पऱ्हाटीतच खाली बसले. त्याआधी महिनाभर त्या कुशीवर झोपता येत नव्हते, परंतु वेचणीच्या दिवसांत खांदे सर्वांचेच दुखतात, असे म्हणून मी ते अंगावर काढले होते. घरात सर्वांचे निदान एकच होते, वात धरला. सासूबाईंनी मिठाची पुरचुंडी गरम करून शेक दिला, त्याने थोडा आराम पडला. मात्र शेजारच्या गावातील एका चोळणाऱ्याने हात धरून जोराने वर ओढला आणि पुढचे पंधरा दिवस मी रात्री भिंतीला टेकून बसून काढल्या. दुखण्याच्या चढत्या काळात असा हिसका दिल्यास त्रास उलट वाढतो, हे मला फार उशिरा कळले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी कोपर कुशीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवण्यास सांगितले आणि नंतर स्वतः वळवून पाहिला. दोन्ही वेळा तो एकाच जागी अडला. केवळ स्नायूची इजा असती, तर दुसऱ्याने वळवलेला हात बराच पुढे गेला असता. येथे सांधाच आखडलेला होता. एक्स-रेमध्ये काही दोष दिसला नाही. त्यावर त्यांनी विचारले, ‘‘ताई, तीन महिन्यांची साखर केव्हा तपासली होती?’’ मी गोळ्या नियमित घेत होते, पण ती तपासणी दीड वर्षात केलेली नव्हती. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा तो आकडा, म्हणजे एचबीएवनसी, 9.4 निघाला, बराच चढलेला.

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. डोळे, पाय आणि मूत्रपिंड जपण्याविषयी अनेकांनी बजावले होते, खांद्याविषयी कोणीही नाही. सर्वसाधारण लोकांत शंभरातील 2 ते 5 जणांना होणारा हा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, मधुमेहींमध्ये शंभरातील 10 ते 20 जणांना होतो, ही गोष्ट आपल्या गावागावांतील मधुमेहींना पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे, असे मला मनापासून वाटते. रक्तातील वाढलेली साखर वर्षानुवर्षे कोलॅजन नावाच्या प्रथिनाला चिकटत राहते, त्यामुळे सांध्याभोवतीचे लवचीक वेष्टण ताठर होऊ लागते. त्याला सूज येऊन ते जाड झाले आणि आक्रसले की हाताला फिरायला जागाच उरत नाही. आधी वेदना वाढत जातात, मग वेदना कमी होऊन खांदा घट्ट बसतो आणि त्यानंतर तो सावकाश सुटू लागतो. या सर्वांस एक ते तीन वर्षे लागू शकतात, आणि मधुमेहींना बहुधा अधिकच.

रात्रीची झोप पूर्णपणे उडाल्यावर मी सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले. त्याने वेदना पुष्कळ उतरल्या, परंतु उपाशीपोटीची साखर दुसऱ्याच दिवशी 150 वरून 270 वर गेली आणि ती खाली येण्यास जवळजवळ आठवडा लागला. डॉक्टरांनी याची कल्पना आधी दिल्यामुळे ग्लुकोमीटर घरात होते आणि कितीच्या वर गेल्यास फोन करायचा, तेही ठरलेले होते. ही तयारी नसेल तर मधुमेहीने ते इंजेक्शन घाईने घेऊ नये. वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावरच मिळाल्या.

खरा भार व्यायामाचा होता. सकाळी कोमट पाण्याने शेकून, पुढे वाकून हात लोंबता सोडायचा आणि लहान गोल फिरवायचा; मग भिंतीसमोर उभे राहून बोटांनी हळूहळू वर चढायचे. थोडा ताण चालतो, परंतु व्यायामानंतरचे दुखणे बराच वेळ टिकले तर दुसऱ्या दिवशी व्यायाम कमी करायचा. शेकाविषयी एक सांगते: साखरेमुळे ज्यांच्या हातांना मुंग्या येतात किंवा बधिरता आहे, त्यांनी पुरचुंडी किती गरम आहे हे घरातील दुसऱ्या माणसाकडून पाहून घ्यावे.

मागच्या खोलीच्या भिंतीवर बोटे जेथवर पोचतील तेथे मी दर रविवारी पेन्सिलने रेघ मारत असे. पहिल्या तीन महिन्यांत रेघा एकमेकींवरच पडल्या. या पोळ्याला सर्वांत वरची रेघ फळीवरच्या तुरीच्या डब्यापर्यंत पोचली आहे आणि एचबीएवनसी 7.1 आहे. पाठीमागे गाठ मात्र अजूनही सूनच बांधून देते. दुसऱ्या खांद्यालाही हे होऊ शकते, म्हणून आता रविवारी मी उजव्या हाताचीही रेघ मारते.