तुम्ही विचारलंत म्हणून: एकच व्हिडिओ, साठ लॅपटॉप

"वाय-फायची लहर वर्गात सगळीकडे पोचतेच ना? मग एकच व्हिडिओ साठ जणांना साठ वेळा का पाठवायचा? एकदाच पाठवा की!" महाविद्यालयात नेटवर्क बसवायला गेलो की कुणी ना कुणी प्राध्यापक हे विचारतातच. प्रश्न रास्त आहे. दोन मेगाबिटचा व्हिडिओ साठ ठिकाणी वेगवेगळा पाठवायचा तर सेकंदाला १२० मेगाबिट लागतात. एकदाच पाठवला तर दोन.

एकदाच पाठवण्याला मल्टिकास्ट म्हणतात, आणि केबलवर ते उत्तम चालतं. वाय-फायवर मात्र एक गोष्ट आड येते, ती म्हणजे पोचपावती. एका लॅपटॉपसाठी पाठवलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, मिळालं की तो लॅपटॉप लगेच तसं कळवतो. पावती आली नाही तर वाय-फायची लहर सोडणारा डबा म्हणजेच अ‍ॅक्सेस पॉइंट तेच पॅकेट पुन्हा पाठवतो. हवेत पॅकेटं सतत हरवत असतात. आपल्याला ते जाणवत नाही, ते या पावतीमुळे. मल्टिकास्ट मात्र दवंडी आहे. साठ जण एकदम ओ द्यायला लागले तर नुसता गलका होईल, म्हणून वाय-फायच्या मूळ नियमांत त्याला पावतीच नाही. ऐकलं त्यानं ऐकलं.

शिवाय दवंडी शेवटच्या घरापर्यंत ऐकू जायला हवी, म्हणून ती सर्वांत संथ वेगानं दिली जाते. वाय-फायच्या लहरींच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झवर हा वेग बऱ्याचदा सेकंदाला एक मेगाबिट असतो. दोन मेगाबिटचा व्हिडिओ त्यात मावणारच नाही. पाच गिगाहर्ट्‌झवर निदान सहापासून सुरुवात होते.

एका तालुक्याच्या गावी मी हे पहिल्यांदा नीट पाहिलं. इंटरनेट बेताचं, पण धडे वर्गातल्याच सर्व्हरवर होते. पुढच्या बाकांवर चित्र स्वच्छ, खिडकीजवळच्या मुलींच्या पडद्यांवर चौकोनी ठिगळं. व्हिडिओत पूर्ण चित्र अधूनमधूनच येतं. मधली चित्रं 'आधीपेक्षा काय बदललं' एवढंच सांगतात. त्या पूर्ण चित्राचं एक पॅकेट हरवलं की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत ठिगळ हलत नाही. त्या मुली पाच मिनिटं निमूटपणे बघत बसल्या, कुणी तक्रारही केली नाही. ते मला अजून टोचतं.

हरवलेलं पुन्हा मागवू द्यावं, असं कुणालाही सुचेल. पण हिशोब करून बघा. प्रत्येक लॅपटॉपचं शंभरात एकच पॅकेट हरवतं, तेही ज्याचं त्याचं वेगळं, असं धरा. साठ जणांत मिळून शंभरपैकी सुमारे ४५ पॅकेटं कुणाचं ना कुणाचं हरवलेली असतात. म्हणजे जवळजवळ निम्मा व्हिडिओ पुन्हा पाठवायचा!

म्हणून मी बेरजेच्या वाटेनं जातो. तीन आकडे सांगायचे आणि चौथी त्यांची बेरीज. एकीला पहिला आकडा ऐकू आला नाही, दुसरीला तिसरा. दोघींचं काम त्या एकाच बेरजेनं होतं. कोण काय चुकलं हे विचारावंच लागत नाही. १९६० साली रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी मांडलेला कोड याच विचाराचं भक्कम रूप आहे. ओरखडे पडलेली सीडी वाजायची तीही त्याच्याच एका प्रकारामुळे. २०० पॅकेटांच्या एका गटामागे ४० जादा पाठवली, तर त्या २४० पैकी कोणतीही २०० मिळाली की सगळं परत जुळतं. गट पुरा होईपर्यंत थांबावं लागतं, म्हणून व्हिडिओ सुमारे सेकंदभर उशिरा दिसतो, पण रेकॉर्ड केलेल्या धड्याला सेकंदानं काय फरक पडतो? छोटे गट केले तर उशीर कमी होतो, पण सलग दहा-वीस पॅकेटं गेली की ते कोलमडतात. आणि वाय-फायवर नुकसान असं सलगच होतं, म्हणून मी मोठेच गट धरतो.

वाय-फायचे नियम ठरवणाऱ्या आयईईई या संस्थेनं २०१२ मध्ये त्या नियमांना ८०२.११एए ही जोड आणली. तीत मल्टिकास्टलाही पावती आणि फेरपाठवणी आहे. मी हाताळलेल्या उपकरणांत ती क्वचितच दिसली. बरेच अ‍ॅक्सेस पॉइंट मल्टिकास्ट मोडून प्रत्येकाला वेगळी प्रत पाठवतात. दहा-बारा जणांना ते पुरतं, आणि तेवढ्यासाठी मीही तेच सुचवतो.

त्या वर्गात शेवटी पाच गिगाहर्ट्‌झ ठेवलं, मल्टिकास्टचा किमान वेग १२ मेगाबिट केला आणि वर हे जादा पॅकेटांचं कवच चढवलं. वाढलेल्या वेगाला अंतर झेपत नव्हतं, म्हणून अ‍ॅक्सेस पॉइंट फळ्यावरून काढून छताच्या मधोमध लावला. मग खिडकीजवळच्या बाकावर बसून अख्खा धडा बघितला.