टोंटो ट्रेलवर पाणी किती न्यायचं?

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावरून हर्मिट ट्रेलने उतरायचं, टोंटो ट्रेलने पूर्वेकडे आडवं चालायचं आणि ब्राइट एंजलने वर यायचं. अ‍ॅरिझोना-कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि सह्याद्री तुडवून गेलेल्या बऱ्याच मंडळींच्या डोक्यात हा दोन-तीन मुक्कामांचा फेरा असतो. "माणशी दिवसाला चार लिटर" असं धरून निघालात, तर पहिल्या दिवशी जास्त ओझं होईल आणि टोंटोवर पाणी कमी पडेल. हिशोब एका पाणवठ्यापासून पुढच्या भरवशाच्या पाणवठ्यापर्यंतच्या तासांचा करा.

हर्मिट क्रीक आणि मॉन्यूमेंट क्रीक हे ओढे बारमाही आहेत. उतरताना चार किलोमीटरवर सांता मारिया स्प्रिंग हा झरा लागतो, पण तिथे कधी कधी नुसती बारीक धार असते. तो जमेला धरू नका. काठापासून हर्मिट क्रीकपर्यंत सुमारे १३ किलोमीटर उतार आहे. वसंतात सकाळी लवकर निघालात तर तीन-साडेतीन लिटर पुरतं.

खरा प्रश्न मॉन्यूमेंट क्रीक ते हवासुपाई गार्डन्स या टप्प्याचा. (२०२२ पर्यंत या जागेचं नाव इंडियन गार्डन होतं, जुन्या नकाशावर तेच सापडेल.) अंतर साधारण १७ किलोमीटर. नकाशावर वाट सपाट दिसते, पण ती प्रत्येक घळीच्या तोंडाशी आत वळून पुन्हा बाहेर येते आणि सावली जवळजवळ नाही. पाठीवर ओझं घेऊन ताशी अडीच किलोमीटर धरलं, तर सात तास. एप्रिलमध्ये तासाला ६०० मिली धरा, म्हणजे ४.२ लिटर. वाट चुकली, पाय मुरगळला, कुणाला उलट्या झाल्या, यासाठी वर एक लिटर. एकूण सव्वापाच. शिवाय निघण्याआधी पाण्यापाशीच अर्धा-पाऊण लिटर पिऊन घ्या, ते पाठीवर न्यावं लागत नाही. मे उजाडला की तासाला एक लिटरपर्यंत मजल जाते. जून ते ऑगस्ट या फेऱ्याचा विचारच नको, आत पारा सहज ४० च्या वर जातो.

या टप्प्यात नकाशावर दोन ओढे दिसतात आणि तिथेच लोक फसतात. सॉल्ट क्रीक हंगामी आहे आणि पाणी क्षारांनी जड. हॉर्न क्रीकचं पाणी प्यायचंच नाही. वर काठाशी ऑर्फन नावाची खाण आहे, तिथे १९५६ ते १९६९ या काळात युरेनियम काढलं जायचं, आणि या ओढ्याच्या पाण्यात युरेनियम आहे. ते विरघळलेलं असतं, त्यामुळे ट्रेकचा फिल्टर किंवा गोळ्या काही करू शकत नाहीत. उकळलं तर ते उलट आणखी दाट होतं.

मुक्काम सॉल्ट किंवा हॉर्नला पडला, तर रात्रीचं जेवण, झोपेतली तहान आणि सकाळचा चहा मिळून अडीच लिटर वाढतात. म्हणजे मॉन्यूमेंटहून निघताना पाठीवर पावणेआठ किलो नुसतं पाणी. परमिट मागतानाच मुक्काम मॉन्यूमेंट आणि हवासुपाई गार्डन्सला मागा. कोरडा मुक्काम टळत नसेल, तर खिचडी बाजूला ठेवा. तांदूळ शिजवायला, भांडं धुवायला पाणी जातं. गरम पाणी ओतून होणारे पोहे किंवा उपमा पाकिटातच खा.

सगळं पाणी एका ब्लॅडरमध्ये (सॅकमध्ये ठेवायची, नळीने पाणी ओढायची पिशवी) नको. तो फुटला तर संपलंच, आणि पाठीवर असताना किती उरलं तेही कळत नाही. दोन लिटरचा ब्लॅडर आणि बाकी एकेक लिटरच्या साध्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या बऱ्या. रिकाम्या बाटल्यांना वजन नसतं, म्हणून बाटल्या-ब्लॅडरची एकूण क्षमता गरजेपेक्षा दोन लिटर जास्तच ठेवा.

इथली हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही. जूनच्या राजमाचीसारखा शर्ट भिजत नाही, म्हणून घाम जातोय हे लक्षात येत नाही. उलट टोक म्हणजे नुसतं पाणी ढोसत राहणं. रक्तातलं सोडियम उतरलं की डोकेदुखी, मळमळ, गोंधळ सुरू होतो, आणि तहान समजून माणूस आणखी पाणी पितो. दर तासाला खारे शेंगदाणे, चिवडा किंवा ओआरएस हवंच.

मॉन्यूमेंट क्रीकवरून खाली नदीकाठी गेलात, तर कोलोरॅडोचं पाणी बहुधा गढूळ असतं. थेट फिल्टरमध्ये घातलं तर तो चोंदतो. घरी फिरवतो तशी तुरटी फिरवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी ओतून घ्या. तुरटीने जंतू मरत नाहीत, फिल्टर त्यानंतर आहेच. गोठलेला फिल्टर मात्र बाद समजा. त्याच्या नळ्या आतून चिरतात, बाहेरून दिसत नाही. थंड रात्री तो झोपण्याच्या पिशवीत घ्या.

शेवटचा चढ हवासुपाई गार्डन्सपासून सुमारे ७ किलोमीटर आणि ९३० मीटर. वाटेत दोन विश्रांतिगृहांपाशी नळ आहेत, पण ते हिवाळ्यात बंद असतात, आणि कॅन्यनची जुनी पाइपलाइन वारंवार फुटते. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या वेबसाइटवर नळांची स्थिती बघा. गार्डन्समधला नळ बंद असला तरी शेजारचा ओढा वाहतो, फिल्टर काढा आणि तीन लिटर भरून चढायला लागा.