दुधाआधी जमाखर्च

ठाण्याच्या चरईतील ज्या चाळीत माझे लहानपण गेले, तेथे वर्षाचे खरे संमेलन गणपतीत नव्हे, तर कोजागरीला भरत असे. गणपतीचे दहा दिवस आरास, आरत्या आणि मुलांच्या स्पर्धा यांच्या धांदलीत निघून जात, आणि अनंत चतुर्दशीला लेझीम खेळत मासुंदा तलावापर्यंत जाऊन आले की मांडवाचे बांबू उतरवायला घेतले जात. कोजागरीला मात्र सगळी बिऱ्हाडे अंगणात सतरंज्यांवर निवांत बसलेली असत. एका कडेला मोठ्या पितळी पातेल्यात दूध आटत असे, आणि पोस्टात सॉर्टर असलेले आमचे चिटणीस, ज्यांना लहानथोर सारेच 'पोस्टातले काका' म्हणत, ते लांबट वही उघडून वर्षाचा जमाखर्च वाचू लागत. जमाखर्च मंजूर झाल्याखेरीज दुधाचा पेला कोणाच्याही हाती पडत नसे. हा नियम कोठे लिहून ठेवलेला नव्हता, पण तो मोडलेला मी एकदाही पाहिला नाही.

वाचन पैशापैशापर्यंत चाले. मांडव, मूर्ती, गुरुजींची दक्षिणा, सुतळी, खिळे, कापूर असे करत काका 'किरकोळ' या शब्दापाशी आले की पहिल्या मजल्यावरच्या आजी त्यांना हटकून अडवत. आजी मंडळाच्या सभासद नव्हत्या, कारण सभासद म्हणजे घरातला कर्ता पुरुष असे त्या काळी धरूनच चालत. बायकांनी दूध ढवळायचे आणि पुरुषांनी हिशोब मंजूर करायचा, अशी ती वाटणी होती आणि तिच्याविषयी मला आजही गोड काही लिहिता येणार नाही. पण आजी पातेल्यापाशी बसूनच विचारत, "किरकोळ म्हणजे काय रे?" मग काका चष्मा कपाळावर सरकवून पाने मागे उलटत आणि हातगाडीचे भाडे, उडालेले दोन दिवे, मांडव घालणाऱ्यांचा चहा असा त्या किरकोळीचा तपशील एकेक करून सांगत.

एके वर्षी चाळीस पैशांचा मेळ बसेना. पावत्या पुन्हा मोजल्या गेल्या, खजिनदारांनी डबा सतरंजीवर उपडा केला, कोणीतरी वैतागून "मी देतो चाळीस पैसे, आटपा आता," असेही म्हणाले. त्यावर काका इतकेच म्हणाले, "पैसे नकोत, ते कुठे गेले ते हवे आहे." ते चाळीस पैसे कोठे गेले हे त्या अंगणात एकट्या मलाच ठाऊक होते, कारण कापूर आणायला मला पाठवले होते आणि उरलेल्या सुट्या नाण्यांच्या लिमलेटच्या गोळ्या झाल्या होत्या. मी कबूल होईपर्यंत दूध इतके आटले की त्या वर्षी ते चमच्याने खावे लागले. वडिलांनी पैसे भरले, काकांनी वहीत 'येणे वसूल' असे लिहिले आणि माझे नाव मात्र लिहिले नाही. कोजागरीला लक्ष्मी 'को जागर्ति', म्हणजे कोण जागे आहे, असे विचारत फिरते असे मानतात. आमच्याकडे तो प्रश्न बहुधा खजिनदारालाच असावा.

त्या वहीत गणपतीचा खर्च निम्म्याहून अधिक कधीच नसे, हे मला फार उशिरा उमगले. उरलेला खर्च वर्षभर चालणाऱ्या कामांचा होता, आणि ती कामे पाटीवर चालत. पाटी म्हणजे शाळेतली दगडी पाटीच, चौकटीला भोक पाडून सुतळी ओवलेली. ती ज्या दाराच्या खिळ्याला लटके, त्या दिवशीचे काम त्या घराचे. रात्री ती शेजारच्या दाराला जाई. "आज पाटी कोणाकडे?" एवढेच विचारले जाई, आणि घरात परीक्षा आहे, पाहुणे आहेत, कामाला सुट्टी नाही, या सबबींवर पाटी पुढे ढकलता येत असली तरी चुकवता येत नसे, अदलाबदल करायची तर पाटीवर खडूने तसे लिहावे लागे. कर्त्या माणसाच्या हुद्द्याचा तिच्याशी काही संबंध नव्हता. वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात फोरमन असलेल्या गृहस्थांना मी रांजण घासताना पाहिले आहे, आणि तेही त्यांच्या हाताखालचा कामगार गॅलरीत उभा असताना.

उन्हाळ्यातले मोठे काम पाणपोईचे. गुढीपाडव्याला गल्लीच्या तोंडाशी, स्टेशनकडे जाणाऱ्या वाटेवर, दोन रांजण वाळूत रोवले जात आणि पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत ते तेथे असत. नव्या रांजणाला आधी एक दिवस पाणी पाजायचे, मग ते फेकून पुन्हा भरायचे, तोंडाला दुहेरी पंचा बांधायचा, आणि बाहेरून रांजण पाझरत राहील अशा बेताने त्याला ओले फडके गुंडाळायचे, हे सारे पाटी असलेल्या घराने करायचे. मातीच्या अंगातून झिरपलेले पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते, हे शास्त्र मला शाळेतल्या पुस्तकाआधी त्या फडक्याने शिकवले. पाण्यात वाळ्याची जुडी टाकलेली असे. एकदा लांब दांड्याचे ओगराळे चोरीला गेले, तेव्हा नव्या ओगराळ्याला साखळी लावावी की नाही यावर कोजागरीला तासभर वाद झाला. साखळी लागली, आणि माझ्या मते ते बरे झाले. चांगुलपणावर चालणाऱ्या कामालाही कडीकोयंडा लागतो, हे मानायला आपण उगाच कचरतो.

दुसरे काम पुस्तकांच्या कपाटाचे. ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले ते १ जून १८९३ रोजी, आणि त्यामागे 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे यांची खटपट होती. सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभही १८९३ सालचाच धरला जातो. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन सार्वजनिक गोष्टींपैकी एकीला आपण किती वाढवले आणि दुसरीच्या पायऱ्या किती जण चढतात, हा हिशोब मला अस्वस्थ करतो. आमच्या मंडळाने आपल्यापुरते दोन्ही सांभाळले होते. जिन्याखालच्या कपाटात दोन-अडीचशे पुस्तके होती, रविवारी सकाळी तास-दीड तास ते उघडे असे, आणि पाटी ज्या घराकडे असेल त्या घरातल्या शाळकरी मुलाने नोंदवहीत देवघेव लिहायची असे. मला तेथे बसायला आवडे, कारण कोणत्या घरात कोण काय वाचते हे एवढ्या लहान वयात कळणे ही एक प्रकारची सत्ताच होती.

तिसरी होती रक्तगटांची वही, आणि सगळ्या जुन्या गोष्टींमध्ये हीच पुन्हा सुरू व्हावी असे मला मनापासून वाटते. कोणाच्या तरी बाळंतपणात रात्री रक्तासाठी धावाधाव झाल्यावर काकांनी ती सुरू केली. वहीत प्रत्येकाचे नाव, खोली, रक्तगट आणि शेवटचे रक्तदान केव्हा केले ती तारीख. त्या काळी पैसे घेऊन रक्त देणारे व्यावसायिक दाते असत. त्यांच्यावर देशात बंदी आली ती १ जानेवारी १९९८ पासून. तोवर अडल्यानडल्या माणसाला अशा वहीचाच आधार होता. आज शिबिरे पुष्कळ होतात, पण ती सणांच्या आणि नेत्यांच्या वाढदिवसांच्या दिवशी एकवटतात. दात्याच्या अंगातून काढलेले रक्त साधारण ३५ दिवस टिकते आणि प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला ३ महिने आणि स्त्रीला ४ महिने थांबावे लागते. म्हणजे सप्टेंबरात सगळ्यांनी एकाच दिवशी दान केले, तर मे महिन्यात महाविद्यालये बंद असताना आणि निम्मे ठाणे गावी गेलेले असताना पडणाऱ्या तुटवड्याला त्याचा काहीच उपयोग नाही. काकांना हे आकडे माहीत होते की नाही कोण जाणे, पण त्यांनी वहीत दात्यांचे महिने वाटून दिले होते. पाटीचेच तत्त्व, फक्त दाराऐवजी दंडाला.

१९७२ च्या दुष्काळात मंडळाने आरास केली नाही आणि वर्गणीतला मोठा हिस्सा दुष्काळनिधीला दिला. त्या वर्षीची कोजागरी मात्र झाली, निम्म्या दुधात आणि नेहमीएवढ्याच लांब हिशोबात.

चाळ आता नाही. तिच्या जागी उंच इमारत आहे, पाण्याचा कूलर आहे, ग्रंथसंग्रहालय चालण्याच्या अंतरावर आहे आणि विसर्जनासाठी कृत्रिम तलाव आहे, जो मासुंद्याच्या पाण्याच्या दृष्टीने निःसंशय बरा. वर्गणी क्यूआर कोडवर येते आणि जमाखर्च मंडळाच्या ग्रुपवर पीडीएफ होऊन पडतो. त्याला पंचवीस-तीस अंगठे येतात. वहीपेक्षा तो नीटनेटका असतो, यात शंका नाही, पण तो उघडून कोणी वाचला आहे असे मला वाटत नाही. मीही वाचत नसे.

गेल्या कोजागरीला गच्चीवर जमलो असताना, म्हातारपणाचा फायदा घेऊन मी एकच हट्ट धरला, की दूध देण्याआधी तो जमाखर्च मोठ्याने वाचावा. तरुण खजिनदार, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी, फोनवरून वाचू लागली. मागे गप्पा चालूच होत्या, पोरे धावत होती, केटररचा माणूस पेले भरून ट्रे हातात घेऊन ताटकळत होता. "ध्वनियंत्रणा, सजावट, फुले, प्रसाद," तिने वाचले, "आणि किरकोळ, अठरा हजार चारशे."

मी काही बोलणार एवढ्यात पाण्याच्या टाकीजवळून एका नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा आवाज आला, "ताई, किरकोळ म्हणजे काय?"

गप्पा थांबल्या. तिने माझ्याकडे पाहिले, मग फोनकडे, आणि म्हणाली, "एक मिनिट हं, पावत्या काढते." केटररच्या माणसाने ट्रे टाकीच्या कट्ट्यावर ठेवला.