विझलेला सिगार परत पेटवणं: आठवडा 6 ची नोंद

विझलेला सिगार किती वेळाने आणि कसा परत पेटवला तर चव टिकते, हे काही आठवडे करून बघतोय. त्यासाठी मागच्या नोंदीत म्हटलं होतं तसं एकच ब्लेंड (तंबाखूचं मिश्रण), एकच साइज धरून बसलोय. रोबुस्टो नावाचा आकार, 5 इंच लांब आणि 50 रिंग गेज, म्हणजे जाडी 50/64 इंच, साधारण 20 मिलिमीटर. सगळे एकाच ह्युमिडॉरमधले (सिगार ठेवायची, ओलावा टिकवणारी पेटी), 65 टक्के आर्द्रता राखणाऱ्या पाऊचवर महिनाभर तरी ठेवलेले. अर्ध्यावर आला की मुद्दाम खाली ठेवायचा, चुरगळून नाही, आपोआप विझू द्यायचा, आणि मग 10 मिनिटं, 40 मिनिटं, दीड तास आणि एक अख्खी रात्र अशा गॅपने परत पेटवायचा. आता पुरेसे झाले म्हणून लिहायला घेतलंय.

10 मिनिटांवाल्याबद्दल फार काही लिहिण्यासारखं नाही. राख झटका, ज्योत दाखवा, दोन झुरके, झालं. चवीत फरक कळतच नाही.

खरी गंमत 40 मिनिटांपासून पुढे आहे. पहिले दोन मी नेहमीसारखेच पेटवले, म्हणजे राख थोडी झटकली, जेट लायटर (झोतासारखी ज्योत येणारा) थेट टोकाला लावला आणि जोरात ओढत राहिलो, आणि दोन्ही वेळेला पहिले पाच-सहा झुरके इतके कडू की जीभ सुन्न झाली. मला वाटायचं विझला की चव गेलीच, पण तसं नाहीये. सिगार गार होताना आत अडकलेला धूर पानांवरच बसतो, डांबर आणि ओलावा दोन्ही जळक्या टोकाच्या लगेच मागे साठतात, आणि आपण परत पेटवतो तेव्हा सगळ्यात आधी तेच तापतं. वर जेटची ज्योत हजार अंशांच्या वर असते, ती पानाला टेकवून ओढलं की आधीचं कडू आणि नवीन करपलेलं असं दोन्ही एकदमच तोंडात येतं.

तिसऱ्यापासून पद्धत बदलली. आधी सगळी राख काढली, नुसती झटकून नाही, काडीच्या मागच्या टोकाने हळूच खरवडून, काळा सैल कोळसा निघेपर्यंत. टोक नीट बघा ह्या वेळी, मधे लिगेरोचं (तंबाखूच्या झाडाच्या वरच्या भागातलं) जाड पान असेल तर तिथे टेकाड राहिलेलं दिसतं कारण ते सावकाश जळतं, आणि कडेला रॅपरची, म्हणजे सगळ्यात बाहेरच्या पानाची, पातळ काळी रिंग. वास घेतला तर भिजलेल्या कोळशासारखा येतो. मग सिगार तोंडात धरून ओढायचं नाही, उलट आतून बाहेर हळू फुंकायचं, तीन-चार वेळा. हे मी आधी कधीच करत नव्हतो आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो.

त्यानंतर टोस्टिंग. सिगार हातातच, ज्योत टोकाच्या खाली साधारण बोटभर अंतरावर, टेकवायची नाही, आणि सिगार फिरवत राहायचा. आधी कड राखाडी होते, मग नारिंगी रिंग धरते. टोकावर हलकी फुंकर मारली की जिथे लाली नाही तो भाग लगेच दिसतो, तिथे परत ज्योत दाखवायची. पूर्ण टोक लाल झालं की मगच पहिला झुरका, तोही हलका, आणि तो धूर बाहेर फुंकून द्यायचा. मला ह्या सगळ्याला मिनिटभर लागतं. चाळीस मिनिटांवाला असा पेटवला तर तिसऱ्या झुरक्यापासून मूळ चव परत आली, लाकूड आणि कोको दोन्ही. दीड तासवाला थोडा जड लागला पण शेवटपर्यंत ओढला, आवडीने.

लायटरचं म्हणाल तर ब्युटेनचाच. पेट्रोलवाल्याने एकदा करून बघितलं, चार झुरके तोच वास. काडी चालते, फक्त डोक्यावरचा मसाला पूर्ण जळू द्यायचा मग जवळ न्यायची, आणि पेटवायला दोन-तीन काड्या तरी लागतात.

रात्रभर ठेवलेला मात्र जमला नाही. एक तसाच पेटवला, दुसरा जळक्या भागाच्या सेंटिमीटरभर मागे कटरने एका झटक्यात कापला, रॅपर फाटला नाही हे विशेष. कापलेल्याचा कडूपणा बराच कमी होता पण चव सपाट, जुन्या राखेसारखी. माझ्यासाठी दोन तास ही हद्द, त्यापुढे नवीन काढायचा. आणि असा अर्धा सिगार ह्युमिडॉरमधे परत ठेवू नका, बाकीच्यांना वास लागतो.

एक गोष्ट अजून, विझण्याचं प्रमाण पण कमी झालंय. ह्युमिडॉरची आर्द्रता 69 टक्क्यांवरून 65 वर आणली आणि मिनिटाला साधारण एक झुरका धरला. राख पण आता लगेच झटकत नाही, इंचभर वाढू देतो, तिच्यामुळे आतला निखारा गार पडत नाही. सिगारेटच्या कागदात जळत राहायला क्षार घातलेले असतात, सिगारला तसं काही नाही, तो ओढणाऱ्यावरच अवलंबून आहे, म्हणून बोलता बोलता तीन-चार मिनिटं विसरलं की गेला.

पुढचा टप्पा 38 रिंगचा लॅन्सेरो, म्हणजे लांब बारीक सिगार. बारीक असल्याने गार लवकर होणार, आणि त्यात रॅपरचा वाटा जास्त, त्यामुळे टोस्ट करताना कड करपण्याची भीती आहे. तिथे जेट बाजूला ठेवून सिडर लाकडाच्या पातळ पट्टीने पेटवून बघणार आहे. कुणी बारीक रिंगवर हे केलं असेल तर ज्योत किती लांब धरली तेवढं नक्की सांगा.