फाटीं सर गो!

गोव्यातल्या आमच्या शाळेचं गॅदरिंग नाताळच्या सुट्टीआधी व्हायचं. नोव्हेंबर लागला की अभ्यासाचा बोऱ्या वाजायचा. शाळा सिस्टरांची, पण निम्मी मुलं आमच्यासारख्या मराठी घरांतली. त्यामुळे मांडो, देखणी ही कोकणी नाचगाणी, फुगडी आणि शेवटी मराठी एकांकिका असा सगळा मेळ असे. एकांकिकेला मध्यरात्र होणार हे ठरलेलंच. पालक चादरी घेऊनच येत.

या सगळ्याची सूत्रं गणिताच्या सिस्टरांकडे. त्या दिवाडी बेटावरच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. शेत खाजनातलं, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतलं, भाटकाराला (जमीनदाराला) खंड देऊन कसलेलं. १९७६ मध्ये कूळकायदा दुरुस्त होऊन कसणारा मालक ठरला, तेव्हा त्या नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या शिक्षणात, होत्या. कागदावर वडिलांचं नाव चढायला मात्र पुढे बरीच वर्षं गेली, हे त्या हसत सांगत.

एका वर्षी नाचाच्या सरांनी भातलावणीचा नाच बसवला. मुली कमरेत वाकून, ठेक्यावर रांगेने पुढे येत तरवा (भाताची रोपं) लावत होत्या. सिस्टर दारातून बघत होत्या. त्यांनी ठेका थांबवला, चपला काढल्या, झगा गुडघ्याशी आवळला आणि स्टेजवर चढल्या. डाव्या हातात मूठ (क्रेप कागदाची, पण धरली खऱ्यासारखी), उजव्या अंगठ्याने दोन-तीन काड्या सुट्या करून खाली खुपसायच्या आणि पाऊल मागे. पुढे चाललात तर लावलेलंच तुडवाल! मग तालीमभर एकच घोष, "फाटीं सर गो, फाटीं!" (मागे सर गं, मागे!) सरांचं तोंड उतरलं, पण नाच पुन्हा बसवला. गॅदरिंगच्या रात्री टोकाची मुलगी मागे सरता सरता पडद्यात गुरफटली. तरी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या पावसाळाभर स्वतः चिखलात उभ्या राहणाऱ्या बायांनी.

गॅदरिंगच्या प्रदर्शनात सिस्टरांनी मुलांकडून मानशीचं, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांचं, चालतं मॉडेल करून घेतलं होतं. टपात पाणी ओतलं की भरतीच्या रेट्याने दारं आपोआप मिटायची, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडायची. मंत्री येऊन गेले. गर्दी मात्र टपाभोवतीच.

माजी विद्यार्थ्यांनी एकदा त्यांना मनगटी घड्याळ दिलं. पुढच्या वर्षी हात मोकळा! आम्ही जरा हिरमुसलो. मग कळलं, व्रत घेतलेल्या सिस्टरांचं स्वतःचं असं काही नसतं. घड्याळ मदर सुपीरियरकडे गेलं आणि तिथून गरज असलेल्या दुसऱ्या सिस्टरकडे. कणसं मात्र त्या हक्काने वाटायच्या. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नवे, म्हणजे नव्या कणसांची पूजा, असतं, त्यासाठी भावाच्या शेतातली कणसं चवथीची सुट्टी लागण्याआधीच वर्गात यायची.

पुढे बदलीचा आदेश आला आणि त्या एका ट्रंकेनिशी गेल्या. आज्ञापालन हेही व्रतच.

आता वय झालंय, तरी गॅदरिंगला कुणीतरी गाडी काढून त्यांना आणतंच. भेटायला रांग लागते. डॉक्टर, इंजिनिअर, दुबईवाले यांच्या वाट्याला एकेक "बरें". शेत अजून करतो म्हणणारा सापडला, की बांध धड आहे का, खारं पाणी शिरलं का, कोरगूट (खाऱ्या जमिनीत तगणारं भात) लावलास का, अशी उलटतपासणी सुरू होते, आणि मुख्याध्यापकांचं भाषण सुरू झालं तरी ती थांबत नाही.