वही नंबर सहा: ४३ सिनेमे, १,५६० किलोमीटर

२०२५ च्या जानेवारीत वहीच्या पहिल्या पानावर '५२' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आठवड्याला एक सिनेमा, असा बेत. डिसेंबर संपत आला आणि गाडी ४३ वर अडकली. त्यातले ३१ टॉकीजमध्ये, बाकीचे मोबाईलवर, तेही दोन-तीन हप्त्यांत. बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यातली सेकंड शिफ्ट संपवून वडगावात घरी पोचेपर्यंत साडेअकरा वाजतात आणि जेवण झालं की डोळा लागतो. मोबाईलवर बघितलेल्या सिनेमाला मी अर्धेच मार्क देतो. नियम माझा आहे, वहीही माझीच.

रकाने नेहमीचेच: तारीख, टॉकीज, भाषा, तिकीट, आत किती डोकी होती, शेरा. यंदा त्यात एक नवा आखला, किलोमीटर. बेळगावात मराठी सिनेमा लागत नाही असं नाही. लागतो. पण सकाळी दहाला नाहीतर भर दुपारी, आणि पुढच्या शुक्रवारी नवीन काही आलं की गेला. शिफ्ट जुळली नाही तर मग कोल्हापूर गाठायचं, जाऊन-येऊन २२० किलोमीटर. अशा चार फेऱ्या झाल्या आणि एकदा पुणं. बेरीज मारली तर १,५६०.

या फेऱ्यांतली एक तर निव्वळ एका तिकिटापायी झाली. मे महिन्यात 'आता थांबायचं नाय'ला गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "चारच झालेत. दहा झाल्याशिवाय मशीन लावत नाही." मग आम्ही चौघं अनोळखी पायरीवर बसलो. त्यातल्या एका आजोबांनी फोन काढला आणि गल्लीतल्या एकेकाला बोलवायला सुरुवात केली. "जेवण झालं काय? मग ये की. एसी हाय." वीस मिनिटांत आम्ही नऊ झालो. नऊ! एक काकू म्हणाल्या, दहावं तिकीट वर्गणी काढून घेऊ या. दहा-वीसच्या नोटा गोळा करून खिडकीशी गेलो, तोवर मशीनवाला जेवायला गेला होता आणि शो रद्द झाल्याचा कागद लागला होता. पुढच्या रविवारी तोच सिनेमा कोल्हापुरात बघितला.

सिनेमा तसा सरळ आहे. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, मूळ घटनाही खरी. शेवट काय होणार ते पोस्टर बघूनच कळतं. तरी भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव बाकावर बसलेले बघून माझ्या घशात आवंढा आला. दहावीचं गणित माझंही दुसऱ्या झटक्यातच सुटलंय.

आता यादी. पहिला नंबर द्यायला मला फार विचार करावा लागला नाही: 'स्थळ'. ७ मार्चला लागला. फेब्रुवारीच्या शेवटी भाषेच्या वादावरून दोन्ही राज्यांच्या बसगाड्या काही दिवस सीमेपलीकडे जात नव्हत्या, त्यामुळे मी कोल्हापूरचं नाव काढलं की आई डोळे वटारायची. "सिनेमा काय पळून चाललाय?" पळून जातोच की, शुक्रवारी.

जयंत सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या आपल्याच गावी केलाय. भाषा वैदर्भी, अंगण आणि कापूस तिकडचा, कलाकार म्हणून समोर गावातलीच माणसं. कापूसवाल्या शेतकऱ्याची मुलगी, सविता. बघायला पाहुणे येतात. तीच खोली, तेच प्रश्न: नाव, शिक्षण, उंची. पाहुणे जातात, काही दिवसांनी दुसरे येतात, आणि दिग्दर्शक ते सगळं पुन्हा पहिल्यापासून दाखवतो. दुसऱ्या वेळी लोक हसत होते. तिसऱ्या वेळी हसू थांबलं. नंदिनी चिकटेच्या चेहऱ्यावर दर वेळी काहीतरी थोडं कमी होत जातं, बास एवढंच.

मी अस्वस्थ झालो त्याचं कारण वेगळं आहे. मी तीन ठिकाणी पोहे खाऊन आलोय. एक खानापूरकडं, एक अनगोळात, एक चंदगडला. खानापूरच्या मुलीनं चहाचा ट्रे पुढं धरला तेव्हा कपबशा किणकिणत होत्या, सगळ्यांना ऐकू येईल इतक्या. आमच्या काकानं "घाबरू नको गं पोरी" म्हटलं आणि सगळे हसले. मीही हसलो होतो. सिनेमा बघून परतताना बसमध्ये संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, मला तीच किणकिण ऐकू येत होती. वहीत त्या रात्री 'शेरा' पुढं काहीच लिहिता आलं नाही, ती जागा अजून कोरीच आहे.

दुसरा 'साबर बोंडं'. हा पुण्यात, ताईकडे गेलो तेव्हा. रोहन कानवडे यांचा. २०२५ च्या अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवलेला, आणि तिथं पोचलेला पहिला मराठी सिनेमा. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, लहानपणचा दोस्त बाळ्या भेटतो, दोघांत प्रेम जमतं. पार्श्वसंगीत नाही. सुरुवातीची दहा मिनिटं मला वाटलं, आवाजात बिघाड झालाय. मग कान सरावले आणि झाडांचा, भांड्यांचा, श्वासांचा आवाज यायला लागला. नातेवाईक आनंदच्या लग्नाचा विषय सोडत नाहीत, ते सुतकातसुद्धा. आमच्याकडं आजोबा गेले तेव्हा दहाव्याच्या दिवशी मामीनं माझ्यासाठी मुलीचा फोटो काढून दाखवला होता, त्यामुळं मला त्यात काडीची अतिशयोक्ती वाटली नाही.

तिसरा कन्नड आहे, 'सु फ्रॉम सो'. माझ्या बाजूच्या लेथवर गोकाकचा दोस्त असतो, त्यानं ओढून नेलं. जे. पी. तुमिनाड यांनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि अशोक त्यांनीच केलाय. किनाऱ्याकडचं गाव. आपली चोरी झाकायला अशोक अंगात आल्याचं सोंग करतो आणि गावाला वाटतं, सोमेश्वरची सुलोचना ह्याच्या अंगात शिरली. तिकडची मंगळुरी ढंगाची कन्नड ऐकून मी दोस्ताला कोपरानं ढोसत होतो, काय म्हणाला, काय म्हणाला. मध्यंतरात तो कबूल झाला, "अरे, हे मला पण अर्धं समजंना झालंय बघ." तरी आम्ही दोघं एकाच वेळी हसत होतो. टॉकीज भरलेलं, शिट्ट्या, आणि उत्तरार्धात सुलोचना म्हणजे नक्की कोण हे उलगडायला लागलं तशी सगळी चिडीचूप. यंदा मनापासून सर्वांत जास्त हसलो तो हा. किलोमीटरच्या रकान्यात: ४.

'दशावतार' १२ सप्टेंबरला लागला. त्याच दिवशी कर्नाटक सरकारनं तिकिटाला २०० रुपयांची मर्यादा घातली. मी खुशीत आईलाही घेऊन जायचं ठरवलं. (अकरा दिवसांत हायकोर्टानं स्थगिती दिली. चार दिवस सुखाचे म्हणतात ते असे.) आईचं माहेर सावंतवाडीकडचं. जत्रेतला संकासुर बघून ती लहानपणी आजीच्या पदरात शिरायची म्हणे. दिलीप प्रभावळकर, वय ८१, बाबुली मेस्त्री म्हणून रंग लावायला बसले तेव्हा आई खुर्चीत पुढं सरकली ती मध्यंतरापर्यंत तशीच. मालवणी मला कळत होती तरी ती प्रत्येक वाक्याचा अर्थ कानात सांगत होती. उत्तरार्धात खाणमाफिया आणि सूड आला तसा सिनेमा ताणला, आवाजही वाढला. माझे मार्क तिथं कमी झाले, आईचे वाढले. "त्यांका असाच होया," ती मोठ्यानं म्हणाली आणि पुढच्या रांगेतल्या दोघांनी मागं वळून मान डोलावली.

बाकी झटपट. 'जारण': अमृता सुभाष जबरदस्त, शेवटाबद्दल माझं आणि ताईचं अजून भांडण चालू आहे. 'गोंधळ': संतोष डावखर यांना गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचा रौप्य मयूर मिळाला तो उगाच नव्हे. लग्नानंतरचा रात्रभराचा गोंधळ, घरातला असावा तसा. पण मी फर्स्ट शिफ्ट करून गेलो होतो आणि मधे दहा मिनिटं पेंगलो, म्हणून यादीत घेणं प्रामाणिक वाटत नाही. 'कांतारा चॅप्टर १': दिसायला अफाट, जीव मात्र २०२२ च्याच कांतारात. 'छावा'ला टॉकीज दणाणलं होतं. मला दणाणण्यापलीकडं फार सापडलं नाही, हे आमच्या चौकात बोलत नाही.

वर्षाचा बोनस 'शोले'. पन्नास वर्षांनी, १२ डिसेंबरला, मूळ शेवटासकट. सेन्सॉरनं १९७५ मध्ये बदलायला लावलेला तो शेवट, ठाकूर गब्बरला स्वतः मारतो तो. धर्मेंद्र जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते, त्यामुळं टाकीवरच्या सीनला हसताना लोक जरा अडखळत होते. मामांना नेलं होतं. त्यांनी तो पहिल्यांदा लागला तेव्हाच बघितलेला. रामगढ म्हणजे आपल्या कर्नाटकातलं रामनगर, हे त्यांनी शेजारच्या दोन कॉलेजच्या पोरांना आपणहून सांगितलं. बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे पन्नास वर्षं ते पोलीस उगाच मधे येत होते."

नवी वही आणलीय. ५२ चा नाद सोडला, ४५ लिहिलंय. १ जानेवारी २०२६ ला हेमंत ढोमे यांचा 'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम' येणार असं जाहीर झालंय. मी मराठी माध्यमातलाच, त्यामुळे हा तरी कोल्हापूर न गाठता गावातच बघायचा. मे महिन्यातल्या त्या आजोबांचा नंबर मी घेऊन ठेवला होता. काल फोन केला. त्यांच्यासकट गल्लीतले पाच, काकू आणि मी. सात झालेत.